अनुत्तरित शेवट : भयपटातील गूढ आणि वैद्याची नजर

वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या माणसाला एक सवय फार लवकर जडते. कोणतीही हकीगत कानावर पडली की तिचा शेवट निदानाने व्हावा, अशी त्याची अपेक्षा असते. ही सवय घट्ट करणारा एक सुंदर शैक्षणिक प्रकार आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अनुभवला आहे. तो म्हणजे क्लिनिको-पॅथॉलॉजिकल कॉन्फरन्स, आपल्या नेहमीच्या भाषेत सीपीसी. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत रूढ केली. एक जण रुग्णाची हकीगत मांडतो, दुसरा तज्ज्ञ तर्क लढवतो, सभागृह श्वास रोखून ऐकते आणि अखेरीस पॅथॉलॉजिस्ट उठून शवविच्छेदनातील सत्य पडद्यावर दाखवतो. रहस्यकथेची याहून शुद्ध बांधणी मला ठाऊक नाही.

त्यामुळेच एखादा भयपट कोणताही खुलासा न करता संपला की आपल्यापैकी पुष्कळांना फसवल्यासारखे वाटते. आपल्या संस्थेत दर दोन-तीन महिन्यांनी एखादा जुना चित्रपट दाखवून त्यावर चहापानासह चर्चा करण्याचा प्रघात आहे. गेल्या वर्षी आल्फ्रेड हिचकॉक यांचा 'द बर्ड्स' दाखवला, तेव्हा दिवे लागताच आमच्या एका ज्येष्ठ सर्जन मित्रांनी विचारले, "एवढंच? पुढचं रीळ आणायचं राहिलं की काय?" सर्वांना हसू आले, परंतु प्रश्न खरा होता. त्या सायंकाळी वेळेअभावी जे बोलता आले नाही, ते येथे लिहीत आहे.

आरंभ हिचकॉक यांच्याच 'सायको'पासून करू. १९६० च्या या चित्रपटाच्या शेवटी एक मनोविकारतज्ज्ञ उभा राहतो आणि नॉर्मन बेट्सच्या मनात काय घडले, आईचे व्यक्तिमत्त्व त्याने कसे धारण केले, हे सारे क्रमवार समजावून सांगतो. ही सरळसरळ सीपीसीच आहे. अनेक समीक्षकांना हा प्रसंग रटाळ वाटतो. मला मात्र त्यानंतरचे एक मिनिट महत्त्वाचे वाटते. निदान सांगून झाल्यावर कॅमेरा कोठडीत जातो. तेथे अंगावर कांबळे लपेटून बसलेला नॉर्मन आपल्याकडे पाहून हसतो आणि त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर कवटीची छाया उमटते. तज्ज्ञाने दिलेले नाव योग्य असेलही, पण समोर बसलेली वस्तू त्या नावात मावत नाही. दिग्दर्शकाने निदान दिले आणि लगेच त्याची मर्यादाही दाखवून दिली. तीन वर्षांनी, १९६३ मध्ये, 'द बर्ड्स'मध्ये त्याने तो तज्ज्ञच काढून टाकला.

कथानक थोडक्यात असे. कॅलिफोर्नियातील बोडेगा बे या किनाऱ्यावरील गावात मेलनी डॅनियल्स ही श्रीमंत, थोडी खोडकर तरुणी एका वकिलाच्या मागे लव्हबर्ड्सची जोडी घेऊन येते. गावात पाय ठेवताच एक समुद्रपक्षी तिच्या डोक्यावर चोच मारतो. मग मुलांच्या मेजवानीवर, शाळेवर आणि शेवटी घरावर पक्ष्यांचे थवेच्या थवे तुटून पडतात. अखेरच्या दृश्यात रक्तबंबाळ, सुन्न झालेल्या मेलनीला मोटारीत बसवून ते कुटुंब पहाटेच्या अंधूक प्रकाशात, सर्वदूर बसलेल्या पक्ष्यांमधून हळूहळू बाहेर पडते. पक्षी का चवताळले, ते पुन्हा चवताळतील काय, गावाबाहेर काय आहे, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. 'समाप्त' ही पाटीसुद्धा हिचकॉकने पडद्यावर येऊ दिली नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल पक्ष्यांनी झाकून गेल्याचे दाखवून शेवट करावा असा एक विचार झाला होता. तो चित्रित झाला नाही, हे उत्तमच झाले. कारण तेही एक उत्तरच ठरले असते.

या चित्रपटाचा खरा गाभा मला हल्ल्यांच्या दृश्यांत दिसत नाही. तो गावातील एका उपाहारगृहातील दीर्घ संवादात आहे. पक्षिशास्त्राची अभ्यासक असलेली एक वृद्ध बाई ठामपणे सांगते की निरनिराळ्या जातींचे पक्षी एकत्र थवा करतच नाहीत, तेव्हा हल्ला झाला असणे शक्य नाही. कोपऱ्यात पीत बसलेला गृहस्थ जगबुडी आल्याचे जाहीर करतो. मासेमारी नौकांचा मालक आपल्या एका नौकेवर पक्ष्यांनी कशी झडप घातली ते सांगतो. आणि बाहेर प्रत्यक्ष हाहाकार माजल्यावर, दोन मुलांना पोटाशी धरून उभी असलेली एक घाबरलेली आई मेलनीकडे बोट दाखवून किंचाळते की तू आलीस आणि हे सुरू झाले, तूच दुष्ट आहेस.

आपल्याकडे हा आरोप करायला एवढे शब्द लागत नाहीत. 'पांढऱ्या पायाची' हे दोन शब्द पुरतात.

येथे हिचकॉकची कारागिरी बारकाईने पाहण्याजोगी आहे. पक्ष्यांच्या वागण्याचे कारण तो देत नाही, परंतु मेलनीवरील आरोप टिकू नये इतका पुरावा मात्र त्याने आधीच पेरून ठेवला आहे. चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात, ती सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्याने पक्ष्यांच्या दुकानाकडे चाललेली असताना, वर आकाशात समुद्रपक्ष्यांचे थवे घिरट्या घालत आहेत. बोडेगा बेचे नावही तेव्हा कथेत आलेले नाही. गावातल्या कोंबड्या दाणे टिपेनाशा झाल्या आहेत, आणि तेही एकाच घरच्या नव्हे. अर्थात जे काही आहे ते व्यापक आहे आणि तिच्या येण्यापूर्वीच सुरू झालेले आहे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर निदान झालेले नाही, पण एक शक्यता स्पष्टपणे वगळली गेली आहे.

संदिग्ध शेवटाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते एवढेच. चांगला अनिर्णित शेवट सर्व दारे सताड उघडी ठेवत नाही. तो पुष्कळ दारे पुराव्यानिशी बंद करतो आणि उरलेल्या एक-दोन दारांपाशी आपल्याला उभे करतो.

या चित्रपटाला वास्तवाची एक जोड आहे आणि ती डॉक्टर वाचकांना विशेष भावेल. मूळ कथा दाफ्नी द्यु मोरिए या इंग्रज लेखिकेची. ती १९५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि तिचे स्थळ इंग्लंडमधील कॉर्नवॉलचा किनारा. हिचकॉक तिच्यावर काम करत असतानाच, १८ ऑगस्ट १९६१ च्या पहाटे, कॅलिफोर्नियातील सांताक्रूझजवळच्या कॅपिटोला परिसरात शिअरवॉटर जातीचे काळपट समुद्रपक्षी मोठ्या संख्येने घरांवर, खांबांवर, मोटारींवर येऊन आदळले. रस्त्यांवर मेलेल्या पक्ष्यांचा आणि त्यांनी ओकलेल्या माशांचा खच पडला. हिचकॉकने या वृत्ताची दखल घेतली, आणि चित्रपटातील उपाहारगृहाच्या संवादात सांताक्रूझचा ओझरता उल्लेखही आहे. त्यावेळी पक्षी धुक्यात वाट चुकले असावेत, असे सांगून लोकांनी समाधान करून घेतले.

पुढे १९८७ मध्ये कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटावरील शिंपल्या खाऊन शंभराहून अधिक माणसे आजारी पडली. उलट्या, संभ्रम, झटके, आणि वाचलेल्यांपैकी काहींची नवी स्मृती साठवण्याची क्षमता कायमची गेली. कारण ठरले डोमोइक आम्ल. सूक्ष्म सागरी शैवालात तयार होणारे हे विष मेंदूतील ग्लुटामेट ग्राहकांना अतिरेकी उत्तेजन देते आणि हिप्पोकॅम्पसमधील पेशी नष्ट करते. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागराच्या परिसरात पेलिकन व पाणकावळे याच विषाने मेले. ते विष अँकोव्ही माशांमधून त्यांच्या पोटात गेले होते. मग संशोधकांनी १९६१ च्या उन्हाळ्यात त्या समुद्रातून गोळा करून जपून ठेवलेले प्लवकांचे नमुने तपासले. त्या सूक्ष्म प्राण्यांच्या पोटात विषारी शैवाल भरपूर सापडले. हे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅपिटोलाच्या त्या पक्ष्यांचे निदान पन्नास वर्षांनी, जवळजवळ निश्चितपणे, हाती आले.

हे सारे मी सर्जन मित्रांना सांगितले तेव्हा ते प्रसन्न झाले. "म्हणजे उत्तर आहे तर!" आहे, पण ते कॅपिटोलाचे आहे. 'द बर्ड्स'चे नव्हे. चित्रपटात पक्षी भ्रमिष्ट होऊन भिंतींवर आदळत नाहीत. ते शाळेबाहेरच्या लोखंडी चौकटीवर एकेक करून शिस्तीत जमतात आणि वाट पाहतात. तेथे डोमोइक आम्ल लागू करणे म्हणजे दुसऱ्याच रुग्णाचा रिपोर्ट या रुग्णाच्या कागदांना टाचणे होय.

योगायोग असा की त्याच १९६१ मध्ये पीटर्सडॉर्फ आणि बीसन या दोघा अमेरिकन वैद्यांनी शंभर रुग्णांच्या अभ्यासातून 'अज्ञात कारणाचा ताप' या संज्ञेला शिस्त लावली. ताप १०१ फॅरनहाइटच्या वर वारंवार गेलेला हवा, तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला हवा, आणि रुग्णालयात आठवडाभर तपासण्या करूनही कारण सापडलेले नसावे. 'माहीत नाही' असे म्हणण्याचा अधिकार कष्ट करून मिळवावा लागतो, हा या व्याख्येचा मला सर्वांत आवडणारा भाग. दुसऱ्याच दिवशी हात वर करणाऱ्याला ती संज्ञा वापरता येत नाही.

आता एक हकीगत माझ्या व्यवसायातील. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. माझ्याकडे पिढीजात येणाऱ्या एका मराठी कुटुंबातील सत्तावीस वर्षांचा मुलगा रात्री झोपला तो सकाळी उठला नाही. लग्नाला आठ महिने झाले होते. शवविच्छेदन झाले. ऊतींची तपासणी झाली. रासायनिक पृथक्करणाचा अहवालही आला. कारण मिळाले नाही. तेराव्यानंतर त्याचे वडील सर्व कागद घेऊन माझ्याकडे आले. सोबत त्यांची थोरली बहीण होती.

"डॉक्टरसाहेब, तुम्हीच काहीतरी नाव सांगा," ते म्हणाले. "लोक विचारतात. काय सांगू मी?"

त्यांची बहीण मध्येच बोलली, "सांगायचं काय त्यात? सून उंबरा ओलांडून आली आणि आठ महिन्यांत कर्ता मुलगा गेला. पाय दिसतात माणसाचे."

हार्ट अटॅक म्हणून टाकणे सोपे होते. तो शब्द सर्वांना परिचित आहे आणि त्यापुढे कोणी प्रश्न विचारत नाही. परंतु त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ होत्या, हे माझ्यासमोरच्या कागदावर लिहिलेले होते. मी म्हणालो, "नाना, कारण सापडलेलं नाही. पण काय नव्हतं ते मी तुम्हाला खात्रीनं सांगू शकतो. विष नव्हतं. कुठं मार नव्हता. मेंदूत रक्तस्राव नव्हता. हृदयाच्या ठोक्यांच्या लयीत जन्मजात दोष असू शकतो, तो शवविच्छेदनात दिसत नाही. तसं असेल तर ते त्याच्याबरोबर जन्मापासून होतं, लग्नापासून नव्हे. आत्याबाई, हे तुम्हीही ऐका. धाकट्याचा कार्डिओग्राम मात्र आपण काढून घेऊ."

धाकट्याचा कार्डिओग्राम त्यावेळी निर्दोष आला. आज अशा कुटुंबांत जनुकीय तपासणीचा मार्ग उपलब्ध आहे, तेव्हा तो आमच्या आवाक्यात नव्हता. आत्याबाईंना माझे म्हणणे पटले की नाही, ते मला कळू शकले नाही. त्या काही न बोलता उठल्या. सूनबाई दोन वर्षे त्याच घरी राहिल्या आणि नंतर शिक्षिकेची नोकरी धरून दुसऱ्या गावी गेल्या. त्यांना स्टेशनवर पोहोचवायला नाना स्वतः गेले होते, एवढे मला ठाऊक आहे.

चर्चेच्या सायंकाळी एका भगिनींनी असा आक्षेप घेतला की आपल्या समाजात आधीच अंधश्रद्धा थोडी नाही, त्यात असले चित्रपट भर घालतात. गूढाचा उलगडा झालाच पाहिजे. आपल्या हिंदी चित्रपटांनी बहुधा हेच व्रत पाळले. 'महल' (१९४९) असो की 'वह कौन थी' (१९६४), पांढऱ्या साडीतील आकृती अखेरीस हाडामांसाचीच निघते. १९९३ च्या 'मणिचित्रताळ' या मल्याळी चित्रपटात तर मनोविकारतज्ज्ञच नायक झाला, आणि त्याच कथेवरील 'भूलभुलैया' (२००७) आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. या परंपरेबद्दल मला आदर आहे. तथापि आक्षेप मला मान्य नाही. अंधश्रद्धेला गूढ आवडते, ही समजूतच तपासून पाहण्यासारखी आहे. करणी, भानामती, पांढरा पाय ही सारी उत्तरे आहेत, तीही अत्यंत ठाम आणि तत्काळ मिळणारी. मांत्रिकाच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे वाक्य कोणी ऐकले आहे काय? प्रश्न अनुत्तरित ठेवून बसण्याची शक्ती नसते, तेथेच त्याचा धंदा चालतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही शक्ती मुळीच परकी नाही.

डॉक्टरांसाठी म्हणून आणखी एका चित्रपटाची शिफारस करतो. जॉन कार्पेंटर यांचा 'द थिंग' (१९८२). काही दृश्ये बीभत्स आहेत. शस्त्रक्रिया पाहणाऱ्यांना अडचण येऊ नये, इतरांनी विचार करून पाहावा. अंटार्क्टिकावरील अमेरिकन संशोधन तळावर बारा माणसे आहेत. परग्रहावरील एक जीव कोणत्याही प्राण्याचे हुबेहूब रूप घेतो. बारांपैकी माणूस कोण आणि नक्कल कोण? नायक मॅकरेडी एक चाचणी शोधून काढतो. प्रत्येकाचे रक्त वेगळ्या बशीत घ्यायचे आणि त्याला तापलेली तार लावायची. त्या जीवाचा प्रत्येक अंश स्वतंत्रपणे जगू पाहतो, म्हणून त्याचे रक्त तारेपासून पळ काढील. प्रयोगशाळेतील तपासणीवर इतका थरार उभारलेला दुसरा चित्रपट मी पाहिलेला नाही.

शेवटी तळ जळत असतो आणि बर्फात दोघेच उरतात, मॅकरेडी आणि चाइल्ड्स. दोघांचीही चाचणी पूर्वी निर्दोष आलेली. मात्र त्यानंतर चाइल्ड्स बराच काळ सर्वांच्या नजरेआड होता. निगेटिव्ह रिपोर्ट हा नमुना घेतला त्या घटकेपुरता खरा असतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. दिग्दर्शकाने आपल्या व्यवसायातील हे नित्याचे सत्य भयाचे साधन केले आहे. दोघे एकमेकांकडे पाहत, आग विझण्याची वाट बघत बसतात, आणि चित्रपट संपतो. कोणाच्या श्वासाची वाफ दिसते आणि कोणाची दिसत नाही, हे प्रेक्षक आजही एकेक चौकट थांबवून तपासतात, जणू फुफ्फुसाच्या क्ष-किरण चित्रात डाग शोधत आहेत. मॅकरेडीची सुटका होते आणि रक्ततपासणीत तो माणूसच असल्याचे सिद्ध होते, असा एक शेवट खबरदारी म्हणून चित्रित करून ठेवला होता. तो वापरला नाही. चित्रपट त्या वर्षी चालला नाही, त्याला मान्यता पुढे मिळाली.

याउलट जो शेवट केवळ पुढील भागाची सोय म्हणून संदिग्ध ठेवलेला असतो, त्याबद्दल मला सहानुभूती नाही. मेलेला खलपुरुष शेवटच्या क्षणी डोळे उघडतो, थडग्यातून हात बाहेर येतो, वगैरे. 'फ्रायडे द थर्टीन्थ' १९८० मध्ये तळ्यातून मुलगा वर काढून संपला आणि १९८१ मध्ये दुसरा भाग हजर झाला. हे गूढ नव्हे, ही पुढच्या तारखेची अपॉइंटमेंट आहे.

उत्तर काढून टाकल्याने कलाकृती कशी उंचावते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. जोन लिंडसे यांची 'पिकनिक अ‍ॅट हँगिंग रॉक' ही कादंबरी १९६७ ची आणि पीटर वीअर यांचा चित्रपट १९७५ चा. १९०० सालच्या व्हॅलेंटाइन दिनी शाळेची सहल एका खडकाळ डोंगराशी जाते. तीन मुली आणि एक शिक्षिका नाहीशा होतात. त्यांतील अर्मा ही मुलगी काही दिवसांनी जिवंत सापडते, पण तिला काहीही आठवत नाही. डॉक्टर तिला तपासतात आणि अत्याचार झालेला नाही असे सांगतात. पुन्हा तेच, एक दार पुराव्याने बंद. तरीही ती शाळेत निरोप घ्यायला येते तेव्हा इतर मुली तिच्यावर तुटून पडतात. सांग, त्या कुठे आहेत ते सांग! न मिळालेल्या उत्तराची शिक्षा त्या वाचलेल्या मुलीला भोगावी लागते, हे दृश्य मला डोंगरावरील दृश्यांपेक्षा अधिक भयंकर वाटते.

लिंडसे यांनी शेवटचे प्रकरण लिहिले होते. संपादकीय सल्ल्याने ते गाळण्यात आले. लेखिकेच्या १९८४ मधील निधनानंतर, १९८७ मध्ये, ते स्वतंत्रपणे छापले गेले. त्यात मुलींचे काय झाले याचे एक स्वप्नवत, अद्भुत स्पष्टीकरण आहे. मी ते येथे सांगत नाही. ज्यांना उत्सुकता अनावर होईल त्यांनी ते मिळवून वाचावे, मात्र आधी चित्रपट पाहावा.

पुढील बैठकीसाठी जॅक क्लेटन यांचा 'द इनोसंट्स' (१९६१) सुचवला आहे. हेन्री जेम्स यांच्या १८९८ मधील प्रसिद्ध दीर्घकथेवरील हा चित्रपट. दोन अनाथ मुले, एक जुना वाडा आणि एक गव्हर्नेस, जिला मृत माणसे दिसतात. ती खरोखर आहेत की तिच्या मनात आहेत, यावर समीक्षकांचा वाद १९३० च्या दशकापासून चालू आहे. आपल्या मनोविकारतज्ज्ञ सभासदांनी चर्चेची सुरुवात करावी, आणि बालरोगतज्ज्ञांनी त्यांना सहजासहजी सोडू नये, अशी विनंती आहे. सर्जन मित्रांना मी अगोदरच कळवले आहे की सर्व रिळे आणली जातील.